चेहऱ्यावरची जाळी

खोली भाड्याने देण्याआधी घरमालक काकांनी माझं मतदार ओळखपत्र मागितलं आणि त्यावरच्या फोटोवर भिंग धरलं. घड्याळ दुरुस्त करणारे डोळ्यात अडकवतात तसलं भिंग. मग ते न काढताच त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"कान जुळते," ते म्हणाले. "नाकाचं काई सांगता येत नाई. करता काय तुमी?"

"संघटनेचं काम."

"कोनाच्या विरोधात?"

"जो लुटतो त्याच्या. सगळ्यांच्याच."

"मंग ठीक हाये. एकाच्याच विरोधात असती तं मी समजलो असतो का दुसऱ्यानं पाठवली."

अशा रीतीने गोंदियात राईस मिलच्या भिंतीला लागून असलेल्या त्या घराच्या वरच्या दोन खोल्या आम्हाला मिळाल्या. एकीत संघटनेचं ऑफिस, दुसरीत मी. खाली काकांचं दुकान. आधी ते टीव्ही-रेडिओ दुरुस्त करत. मग रायपूरहून कोणाची तरी वापरलेली लेझर मशीन आणली आणि काळ्या ग्रॅनाइटवर मेलेल्या माणसांचे चेहरे कोरायला लागले. समाधीचे दगड, कोनशिला, दुकानांच्या पाट्या. आमच्या भागात तेव्हा असं काम करणारा दुसरा कोणी मला माहीत नव्हता. दोन हजार दहाच्या आसपासची गोष्ट आहे.

मी पत्रकं लिहिणारी मुलगी. पत्रकात माणूस एक तर आपला असतो, नाही तर विकलेला. तिसरा खाना नसतो, कारण कागदाला दोनच बाजू. काका कोणत्या खान्यात बसतात हे मला तीन वर्षांत ठरवता आलं नाही. एकदा घाईने ठरवलं, ते छापलं, आणि ते चूक निघालं. तेच सांगायला बसले आहे.

काकांचा कशावरच विश्वास नव्हता. चौकातला चहा ते पीत नसत. दुधात काय असतं ते त्यांनी म्हणे एकदा टेस्टरने पाहिलं होतं. टेस्टरने दुधात काय दिसतं, असं मी विचारलं तर म्हणाले, "दिसलं असतं तं पेलो असतो ना." वर्तमानपत्रं दोन घेत. एकच बातमी दोन्हींत वाचत आणि जिथे दोन्ही अगदी जुळत तिथे पेनाने फुली मारत. "दोघं वेगळं सांगते तं एक तरी खरा. दोघं एकच सांगते म्हंजे बसून ठरवलं."

सगळ्यात जास्त शक दगडावर. ग्रॅनाइट मुळातला करडा असला की व्यापारी त्याला तेलमिश्रित रंग चोळून काळा करतात. असा दगड घरी नेला की दोन उन्हाळ्यांत चेहऱ्याभोवती डाग पडतात, आणि आधीच कोरतानाही कुठे पांढरं उठतं, कुठे नाही. म्हणून काका बांगड्यांच्या दुकानातून नखांचं पॉलिश काढायचं औषध आणत. दुकानातल्या बाया हसायच्या, "काका, आज कोनता रंग काढाचा हाये?" काका गंभीरपणे म्हणायचे, "काळा." नवा दगड आला की कापसाचा बोळा त्या औषधात बुडवून कोपऱ्यावर घासायचा. बोळा काळा झाला की दगड परत. तो बोळा मात्र परत जात नसे. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, वर व्यापाऱ्याचं नाव लिहून ते खिळ्याला टांगत. माझ्या वेळी त्या खिळ्यावर पिशव्यांचा घडच झाला होता. येणाऱ्या दुसऱ्या व्यापाऱ्याला तो समोरच दिसे.

एकदा एका सरकारी सभागृहाच्या उद्घाटनाला आम्ही निवेदन द्यायला गेलो होतो. काका कशाला आले होते कोण जाणे. पडदा सरकला, कोनशिलेला हार घातला गेला, फोटो निघाले, लोक जेवणाकडे वळले. काका पुढे झाले, खिशातून बोळा काढला आणि हाराखालचा कोपरा घासला. बोळा काळा. समोर उभ्या साहेबाच्या नाकाशी धरून म्हणाले, "साहेब, दगड गोरा हाये तुमचा."

माझ्यासारखीला आणखी काय पाहिजे? दुसऱ्याच दिवशी पत्रक काढलं: 'कोनशिलाच रंगवलेली, मग भिंतींचं काय?' साहेबाच्या नावासकट. बाजारात हातोहात गेलं. मला वाटलं काका खूष होतील. ते जिना चढून वर आले. तीन वर्षांत असे ते दोनदाच आले. पत्रक टेबलावर ठेवलं.

"दगडवाल्यानं साहेबाले फसवलं, का साहेबानं मिळून खाल्लं, हे मालूम हाये तुले?"

"नाही. पण..."

"मंग नाव कायले टाकलं?"

"काका, हे लोक एकच असतात."

"तू आंधी छापते, मंग शोधते," ते म्हणाले आणि उतरून गेले. मला राग आला. जो माणूस भर समारंभात कोनशिला घासतो, त्याला साहेबाचा पुळका का? मी तेव्हाच मनात नोंद केली. आम्ही अशा नोंदी ठेवतो.

त्यांचं एक वाक्य मात्र मी चोरलं आणि अनेक सभांमध्ये वापरलं. कोरलेल्या चेहऱ्यात दोष आला की काका म्हणत, "खोट कोनासंगं चालते थे पाहाव." म्हणजे काय, तर दगड मशीनवर आडवा फिरवायचा. दोष मशीनच्याच जागी राहिला तर खोट मशीनची. दगडासोबत फिरला तर दगडाची. दगडही बदलला, जागाही बदलली, आणि तरी दोष त्या चेहऱ्याच्या मागे मागे आला, तर खोट फोटोत. मग ते हेच माणसांना लावत. "सरपंच बदलला, रस्ता तसाच. ठेकेदार बदलला, रस्ता तसाच. इंजिनेर तोच. आता सांग."

एके वर्षी चेहऱ्यांवर आडव्या रेघा यायला लागल्या. कपाळावर कोणी गंधाचं बोट ओढावं तशा. काकांनी मशीनचा पट्टा ताणून पाहिला, तिचं भिंग पुसलं, रेघा तशाच. आणि दर वेळी वेगळ्या ठिकाणी. तेव्हा ते घड्याळ आणि वही घेऊन शेजारच्या मिलमध्ये जाऊन बसले. चार दिवस. मिलचा मुनीम हैराण. "काका, पुलिस में भर्ती हो गए क्या?" मोठी मोटर कधी सुरू होते, कधी बंद होते, ते काका लिहीत होते. वहीतली वेळ आणि रेघेची वेळ जुळली. मोटर सुरू झाली की विजेचा दाब पडत होता, लेझर क्षणभर मंद होत होता, तेवढ्यात एक रेघ. तेव्हापासून बारीक काम ते मिलच्या सुट्टीच्याच दिवशी करत. त्या दिवशी मिलच्या चिमणीची काळी राखही उडत नसे, म्हणून भिंगही स्वच्छ राही.

बिघडलेले दगड ते फेकत नसत. मागच्या अंगणात चिखल होऊ नये म्हणून त्यांनी ते पालथे टाकून वाट केली होती. नळावर जाताना आम्ही त्यावरूनच जायचो. एकदा मी एक उलटून पाहिला. अर्धा म्हातारा होता, हनुवटी नव्हती.

"ठेव खाली," मागून काका ओरडले. "त्याच्या घरच्याईनं ह्याले पाहिलं नाई, तू कायले पाहाते?"

आता शेवंताबाई.

नवेगाव बांधच्या बाजूला एका गावचा तलाव आहे. तिथल्या ढिवरांची मासेमारी सोसायटी पिढ्यांपासून त्यात जाळं टाकायची. मग तलावाचा ठेका बाहेरच्या माणसाला गेला आणि सोसायटीच्या लोकांना पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, उभं राहायचीही बंदी झाली. आम्ही तहसीलसमोर धरणं धरलं. पहिल्या दिवशी सगळ्यात आधी येऊन बसली ती शेवंताबाई. बाजारात मासोळी विकणारी बाई, चाळिशी ओलांडलेली, आवाज पहाडी. थंडीतलं धरणं. तिला ताप भरला, ती उठायला तयार नव्हती, आणि उठवून नेली तेव्हा उशीर झाला होता. ती गेली.

वर्षश्राद्धाला तलावाच्या पाळीवर तिचा दगड बसवायचा असं संघटनेने ठरवलं. दगड, नाव आणि चेहरा. चेहरा आमच्या पत्रकांवर होताच: तोंड उघडं, घोषणा देणारं, आणि वर उगारलेली मूठ. मी तो फोटो काकांकडे दिला.

काकांचे ठरलेले प्रश्न होते. फोटो कोणी काढला, उजेड कुठून येत होता, हे माणूस जिवंतपणी कसं होतं. मी म्हटलं, कार्यकर्त्याने काढला, ऊन वरून होतं, आणि ती वाघीण होती. काकांनी 'वाघीण' लिहून घेतलं नाही.

पहिला नमुना त्यांनी एका तुकड्यावर कोरला. मूठ स्वच्छ उठली, नखांसकट. चेहऱ्यावर मात्र कपाळापासून हनुवटीपर्यंत बारीक चौकटींची जाळी पडली होती. मच्छरदाणीच्या आड बसलेल्या माणसासारखी दिसत होती शेवंताबाई.

काकांनी आपली यादी सुरू केली. भिंग पुसलं, जाळी तशीच. पट्टा ताणला, तशीच. लेझरचा जोर कमी केला. जाळी फिकी झाली, गेली नाही. मिलच्या सुट्टीची वाट पाहिली. त्या दिवशीही तीच. दुसऱ्या व्यापाऱ्याचा दगड आणला, घासला, बोळा पांढरा राहिला, त्यावर कोरलं, जाळी हजर. शेवटी दगड आडवा फिरवला. जाळी चेहऱ्यासोबत फिरली.

मला त्यांनी दुकानात बोलावलं. "मुठीवर उजेड डावीकडून हाये. तोंडावर समोरून. तुमच्या मोर्च्यात दोन सूर्य होते का?"

"ढग असतील काका."

"ढगानं सावली जाते, फिरत नाई. आन् ह्या हातावर गोंदन नाई काऊन? त्या वयाची बाई, अन् गोंदन नाई?"

"फिकं झालं असेल. फोटो जुना आहे."

काकांनी तुकडा भिंतीकडे तोंड करून ठेवला.

इथेच सांगून टाकते. तो फोटो मी बनवून घेतला होता. शेवंताबाईचा धरण्यावरचा एकुलता एक फोटो होता, तोही आमच्या जुन्या पत्रकात छापलेला, गर्दीतला. मूळ फोटो हरवला. पत्रकावरून चेहरा उचलला. हात खाली मांडीवर होता, म्हणून दुसऱ्या मोर्च्यातल्या फोटोतली मूठ काढून जोडली. छापखान्यातल्या ऑपरेटरने चहा थंड व्हायच्या आत काम करून दिलं. मूठ माझी होती. पत्रकात असं चालतं. मग दगडात का चालू नये, असं मला वाटलं. नाही, तेही खरं नाही. मला तेव्हा काहीच वाटलं नाही.

दिवस जात होते, वर्षश्राद्ध जवळ येत होतं, आणि दगड काही होत नव्हता. मी विचारलं की काका म्हणायचे, "फोटो खोटा हाये, दुसरा आन." खोटं बोलणारी मी, पण संशय मला त्यांचा यायला लागला. असं होतं. आपण काही लपवत असलो की समोरचा का शोधतोय याचंच कारण आपण शोधतो.

आणि मग एका दुपारी दुकानासमोर जीप उभी राहिली. तलावाचा ठेकेदार. मी जिन्यावरून पाहिलं. तासभर बसला होता. काकांनी त्याला चहा दिला. जे काका कोणाला पाणी विचारत नाहीत त्यांनी स्वतः केलेला चहा! जाताना ठेकेदाराने काकांच्या खांद्यावर हात ठेवला आणि काहीतरी आर्जवाने बोलला.

मला सगळा हिशेब लागला. त्या रात्री नव्हे, त्याच तासाला मी पत्रक लिहून काढलं. 'शहीद शेवंताबाईंचा चेहरा कोणी अडवला? ठेकेदाराच्या जीपला विचारा! चहाच्या कपात विरघळलेल्या लेझरवाल्याला विचारा!' नाव टाकलं नाही. लेझरवाला एकच होता, नावाची गरजच काय. संघटनेच्या सचिवांनी वाचलं आणि म्हणाले, "जबरदस्त." दोन दिवसांत ते गोंदियाच्या बाजारातही वाटलं गेलं आणि तलावाच्या गावातही.

तिसऱ्या दिवशी सकाळी काकांच्या दुकानाची पाटी रस्त्यावर पडलेली होती. आमच्याच दोन कार्यकर्त्यांचं काम. काका खाली उकिडवे बसून पाटीच्या स्क्रूंची भोकं न्याहाळत होते.

"पेचकसानं काढली," ते मला म्हणाले. आवाजात राग नव्हता, दुखणं होतं. "गोट्यानं फोडली असती तं मी समजलो असतो का राग आला. पेचकस घेऊन आले म्हंजे घरून ठरवून आले."

मग ते आत गेले आणि म्हणाले, "ये इकडं, मॅडम."

एरवीच्या पोरीची मॅडम झाले तेव्हा मला कळलं की पत्रक वाचलं गेलं आहे. टेबलावर ते पसरलेलं होतं, वर शेवंताबाईचा छापील चेहरा. बाजूला मी दिलेला फोटो. त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. "पाय. पहिले तुह्या पत्रकातलं तोंड."

मी पाहिलं. भिंगाखाली चेहरा नव्हताच. नुसते ठिपके, ओळीने मांडलेले. छपाईत असतातच.

"आता फोटो पाय. फोटोत ठिपके नसते. मूठ पाय, हाये का ठिपके?"

नव्हते. मूठ सलग होती.

"तोंड पाय."

चेहऱ्यावर ठिपके होते. पत्रकात होते तसेच, ओळीने.

"छापलेल्या कागदावरून तोंड काढलं तुमी," काका म्हणाले. "माही मशीनबी ठिपक्यानंच कोरते. तुमच्या ठिपक्यावर माहे ठिपके बसले का जाळी पडते. मी भिंग पुसून राहिलो, पट्टा ताणून राहिलो, मिलच्या सुट्टीची वाट पाहून राहिलो. आन् खोट वरच्या खोलीत." मग अगदी हळू, "हात कोनाचा हाये?"

मी हात मागे नेला. त्यांनी ते पाहिलं.

"आणि ठेकेदार?" मी विचारलं. हरताना माणूस शेवटचा दगड फेकतो तसं. "त्याला चहा का दिला?"

"बापाचा दगड पाहिजे होता त्याले. बाप मेल्यावर चहा देतो मी कोनालेबी. पन त्याच्याही फोटोत खोट निघाली. बापाच्या डोक्शावर दुसऱ्याचा फेटा बसवून आनला. उघड्या डोक्याचा बाप त्याले चालत नाई. गजब मनवलं त्यानं. वापस केला मी."

तेवढ्यात दारात टोपली आदळल्याचा आवाज झाला.

ती गिरजाबाई, शेवंताबाईची मोठी बहीण. पत्रक तिला गावात कोणीतरी वाचून दाखवलं होतं, आणि ती सकाळच्या गाडीने भांडायला आली होती. बाजाराची मासोळीही सोबतच.

"कोन हाये बे तो लेझरवाला? माह्या बहिनीचं तोंड अडवून राहिला? कायचा चहा पेला रे त्या ठेकेदाराचा?"

काकांनी भिंतीकडचा तुकडा उचलला, वळवला आणि तिच्यासमोर धरला.

गिरजाबाई वाकून पाहत राहिली. शिव्या थांबल्या. मग ती म्हणाली, "हे तं जांभई देऊन राहिली."

"घोषणा देत आहेत त्या," मी म्हटलं.

"घोषना? माह्या मांडीवर मान टाकून निजे थे, मले तिची जांभई मालूम नाई? दुपारी रोज द्याची. धरन्यावर दुसरं करता काय?" तिने दगडावर बोट ठेवलं. "आन् हा हात कोनाचा वो? तिच्या मनगटावर तं विंचू गोंदला होता. मी धरून ठेवली होती तिले गोंदताना. हा हात आमचा नोहे."

मिलची मोटर भिंतीपलीकडे सुरू होती. काका माझ्याकडे पाहत नव्हते, ही त्यांची सभ्यता.

"माझा," मी म्हटलं.

गिरजाबाईने मला खालून वर पाहिलं. मला वाटलं आता त्या शिव्या माझ्याकडे वळतील. वळल्या असत्या तर बरं झालं असतं. "तुले आमच्या पंगतीत बसाचं होतं तं बसाचं होतं, पोरी," ती म्हणाली. "हात कायले चिकटवला?"

मी हातातलं भिंग टेबलावर ठेवलं.

काकांनी तिला पाट दिला. "बाई, दुसरा फोटो हाये का? कागदावर छापलेला नाई. स्टुडिओचा, जत्रेचा, कोनताबी."

"हाये ना. हिले दाखवला होता मी." हिले म्हणजे मला. खरं होतं. काही महिन्यांपूर्वी तिने तो फोटो ऑफिसात आणून दाखवला होता, आणि मी म्हटलं होतं, हा नको, यात त्या हसताहेत.

पिशवीतून, पिशवीतल्या डब्यातून, डब्यातल्या फडक्यातून फोटो निघाला. जत्रेतल्या फोटोवाल्याचा. मागे रंगवलेला पडदा, त्यावर धबधबा. समोर खुर्चीवर शेवंताबाई, नवं लुगडं, आणि दात सगळे बाहेर. वरचा एक दात अर्धा तुटलेला.

"फोटोवाला म्हने का बाई हासू नका, अन् हिले तं आवरतच नोहोतं," गिरजाबाई म्हणाली. "त्याची खुर्ची मोडकी होती. पहिले थोच पडला होता तिच्यावरून."

काकांनी फोटो भिंगाखाली धरला. बराच वेळ. मग म्हणाले, "एकच उजेड हाये." त्यांच्या तोंडून मी ऐकलेली ही सगळ्यात मोठी स्तुती.

सचिवांनी मात्र तो फोटो हातात घेऊन परत दिला. शहीद हसत नाही, असं त्यांचं म्हणणं. आणि जुनं पत्रक मागे घेऊ नये, ठेकेदाराला फावेल. मी भांडले. त्यांच्याशी भांडताना मला माझेच शब्द ऐकू येत होते, हे लोक एकच असतात, वगैरे. शेवटी मी दुसरं पत्रक हाताने लिहिलं, आठ-दहा ओळींचं. लेझरवाल्याबद्दल छापलं ते खोटं होतं, फोटो मी जोडला होता, पाटी आमच्या लोकांनी काढली. खाली फक्त माझं नाव. उद्गारचिन्ह एकही नव्हतं. बाजारात चिकटवलं, गावात सोसायटीच्या भिंतीवर चिकटवलं, आणि एक काकांना दिलं.

ते दुसऱ्यांदा जिना चढून वर आले ते तेव्हा. "हे कोनाच्या सांगन्यावरून लिहिलं?"

"कोणाच्याच नाही."

"पाहू," म्हणाले आणि कागद घडी घालून खिशात टाकला. माझ्या माफीवरही त्यांना शक होता, आणि तो त्यांनी शेवटपर्यंत काढून टाकला असेल असं मला वाटत नाही. मी असते तर मीही काढला नसता.

नव्या फोटोचीही यादी झालीच. फ्लॅशमुळे चेहरा सपाट आला होता. काळ्या दगडावर जितकं उजळ तितकं जास्त कोरलं जातं, म्हणून पहिल्या तुकड्यावर दात दिव्यांसारखे पेटले आणि तुटका दात पांढऱ्यात भरून गेला. काकांनी तो तुकडा गिरजाबाईसाठी ठेवला. तिने पाहताच म्हटलं, "दात कोनी बसवला हिले?" काका मला म्हणाले, "पाहालं? हे तपासनी." दुसऱ्या तुकड्यावर जोर कमी केला तर डोळे विझले. तिसऱ्यावर त्यांनी फोटोतला उजळपणा थोडा थोडा उतरवला, डोळ्यांजवळ वेगळा, दातांजवळ वेगळा, आणि प्रत्येक बदल वहीत लिहिला, जणू उद्या कोर्टात द्यायचा आहे.

"पडदा काढू का मागचा?" त्यांनी विचारलं. "धबधबा?"

"ठेवा," गिरजाबाई म्हणाली. "तिले थो खरा वाटला होता. एवढं पानी कुठलं म्हनून इचारे फोटोवाल्याले. तिकडं मासोळी कोन धरते म्हने."

मिलच्या सुट्टीच्या दिवशी मोठा दगड मशीनवर चढला. सकाळपासून लेझरचं डोकं ये-जा करत होतं, एक ओळ, मग खालची ओळ. गिरजाबाई पाटावर बसून होती, टोपलीवर ओलं पोतं टाकून. बाजारात जाते जाते म्हणत होती आणि उठत नव्हती. मी दाराशी उभी होते. आत ये असं मला कोणी म्हटलं नव्हतं.

दुपार उलटल्यावर मशीन थांबली. दगडावर नुसती पांढरी भुकटी. काकांनी मला हाक मारली, आम्ही दोघांनी तो उचलून अंगणात नेला, भिंतीला टेकवला. काकांनी त्यावर बादलीभर पाणी ओतलं आणि मऊ ब्रशने घासलं.

भुकटी वाहून गेली आणि खाली काहीच नव्हतं. सगळा दगड काळा, तेलकट, रिकामा.

"गेली!" गिरजाबाई ओरडली. तिने काकांचा दंड धरला. "गेली ना हो! धुऊन टाकली तुमी!"

"बसा बाई. ओला हाये. वाळू द्या."

ती बसली नाही. आम्ही तिघं त्या काळ्या दगडासमोर उभे होतो. ऊन होतं, वारा नव्हता. काकांनीही हात मागे बांधले होते आणि बोटं एकमेकांत घट्ट धरली होती. त्यांनाही खात्री नव्हती, त्यांना कधीच नसे. मग वरच्या कडेला राखाडी काहीतरी उमटलं. धबधबा. मग केसांचा भांग. कपाळ एका बाजूने वाळत आलं, मग एक डोळा, बारीक झालेला, मग दुसरा. गाल. खालचं पाणी ओघळत होतं आणि त्याच्या मागोमाग तोंड उघडत गेलं, दात एकेक करून, आणि त्यांच्यात ती काळी फट.

गिरजाबाई दगडासमोर उकिडवी बसली. डोक्यावरचा पदर तिने मागे सारला.

"एवढी कायले दात काढून राहिली वो?" ती म्हणाली. "सकाळपासून टोपली तशीच हाये माही. बाजार उठला, मासोळी सडून राहिली तिथं, अन् तू इथं हासून राहिली. लाज वाटते का काई?"

आणि ती उत्तराची वाट पाहत तशीच बसून राहिली.